नमुना पाहून विणायच्या लोकरीच्या भेटवस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विणायला नुकतीच शिकले आहे. पहिली भेट म्हणून मफलर विणावा का?

बहुतेकांना हाच सल्ला मिळतो, कारण मफलर म्हणजे सरळ पट्टी. त्यात टाके वाढवायचे नाहीत आणि कमीही करायचे नाहीत. मफलर सोपा असतो हे खरे, पण तो लवकर होत नाही, आणि पहिल्या भेटवस्तूच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि १६० सेंटिमीटर लांब मफलर मध्यम जाडीच्या लोकरीत, सर्व ओळी सुलट अशा विणीत केला, तर सुईवर ४० टाके आणि सुमारे ६७० ओळी होतात. म्हणजे जवळपास २७,००० टाके. सवयीचा हात मिनिटाला २५ टाके विणतो असे धरले, तरी १८ तास लागतात, आणि नवख्या हाताला त्याच्या दुप्पट. आजोबांच्या पंच्याहत्तरीसाठी घेतलेला मफलर शहात्तरीला पूर्ण होतो, तो असा.

त्याउलट मोठ्या माणसाच्या साध्या कानटोपीत सुमारे ६,००० टाके असतात. तिच्यात बॉर्डर येते, टाके कमी करणे येते, शिवण येते, म्हणजे पुढच्या प्रत्येक वस्तूला लागणारे सगळे शिक्षण एका आठवड्यात पदरात पडते. त्यामुळे माझे मत कानटोपीच्या बाजूने आहे. मफलरच द्यायचा असेल, तर जाड लोकर आणि जाड सुया घ्याव्यात आणि लांबी १२० सेंटिमीटरवर थांबवावी.

इंग्रजी नमुन्यातील अक्षरे आणि चांदण्या समजत नाहीत. त्या वाचायच्या कशा?

आपल्याकडे आई-आजीच्या वह्यांत ‘२ सु., २ उ.’ असे लिहिलेले असते. इंग्रजी नमुन्यातले ‘के’ आणि ‘पी’ म्हणजे तेच सुलट आणि उलट. ‘के टू टॉग’ म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणणे. त्यातून तयार होणारा टाका उजवीकडे कलतो. ‘एस एस के’ म्हणजे दोन टाके एकेक करून न विणता उचलून घ्यायचे आणि मग मागच्या बाजूने एकत्र विणायचे. हा टाका डावीकडे कलतो. ‘वाय ओ’ म्हणजे सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन जाळी पाडणे. जुन्या ब्रिटिश नमुन्यांत हीच क्रिया ‘वूल फॉरवर्ड’ या नावाने येते.

चांदणीच्या खुणेपासून पुढचा भाग पुन्हा पुन्हा विणायचा असतो. कंसात दिलेला भाग कंसापुढे लिहिलेल्या आकड्याइतक्या वेळा विणायचा असतो. मात्र आकड्यांचे कंस वेगळे असतात: ‘८२ (९०, १०६)’ असे लिहिले असेल, तर ते लहान, मध्यम आणि मोठ्या मापाचे टाके आहेत. विणायला बसण्यापूर्वी संपूर्ण नमुन्यात आपल्या मापाच्या आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल करून घ्यावेत. ही पाच मिनिटे वाचवणाऱ्या माणसाची पुढे संध्याकाळ वाया जाते.

चौकटींचा आलेख दिला असेल, तर तो खालून वर वाचतात. दोन सुयांवर विणताना सुलट बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूच्या ओळी डावीकडून उजवीकडे वाचायच्या. गोल सुईवर विणताना प्रत्येक फेरी उजवीकडूनच सुरू होते.

नमुन्यात ८ नंबरची सुई लिहिली आहे आणि माझ्याकडेही ८ नंबरच आहे, तरी टोपी लहान का झाली?

कारण ८ नंबर दोन आहेत. आपल्या दुकानांत पूर्वापार चालत आलेले क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत आणि त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३ आणि १२ म्हणजे २.७५ मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीत याच्या उलट, आकडा वाढला की सुई जाड होते. तिथला ८ नंबर ५ मिलिमीटरचा असतो, आणि आपल्या ८ नंबरच्या जाडीची सुई तिथे ६ नंबर म्हणून विकली जाते. अमेरिकी नमुना पुण्यात घेतलेल्या ८ नंबरच्या सुईवर विणला, तर टोपी बाहुलीच्या मापाची होणारच.

म्हणून क्रमांकाकडे पाहूच नये. नेहमी मिलिमीटर पाहावेत. नमुन्यात मिलिमीटर दिलेले नसतील, तर भाषेवरून तो कुठला आहे हे ओळखता येते. टाके बंद करण्याला ‘कास्ट ऑफ’ आणि विणीच्या घट्टपणाला ‘टेन्शन’ म्हटले असेल, तर नमुना बहुधा ब्रिटिश वळणाचा आहे. ‘बाइंड ऑफ’ आणि ‘गेज’ असे शब्द असतील, तर तो अमेरिकी आहे. जुन्या सुयांवरचे आकडे पुसले गेले असतील, तर भोके पाडलेली सुई मोजण्याची पट्टी मिळते, ती एकदा घेऊन ठेवावी.

चाचणीचा तुकडा खरोखरच विणावा लागतो का?

चाचणीचा तुकडा म्हणजे वस्तू सुरू करण्यापूर्वी, त्याच लोकरीत आणि त्याच सुईवर, टाके मोजण्यासाठी विणलेला लहान तुकडा. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि विचारताना उत्तर ‘नाही’ यावे अशी अपेक्षा असते. बाळाच्या पायमोज्यांसाठी किंवा मोबाइलच्या पाउचसाठी मी स्वतःही कधी कधी तो टाळते. जी वस्तू अंगावर बसायला हवी, तिच्यासाठी मात्र तो टाळू नये.

नमुन्याच्या सुरुवातीला ‘१० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी’ असे एक वाक्य असते. संपूर्ण नमुन्यातले आकडे त्या एका वाक्यावर उभे असतात. आता समजा, तुमचा हात थोडा सैल आहे आणि १० सेंटिमीटरमध्ये तुमचे २० टाके बसतात. दोन टाक्यांचा फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण १०४ टाक्यांचा घेर २२ च्या हिशेबाने ४७ सेंटिमीटर होतो आणि २० च्या हिशेबाने ५२. ही टोपी डोक्यावर राहणार नाही, डोळ्यांवर येईल.

तुकडा किमान १५ सेंटिमीटर रुंद विणावा, कारण कडेचे टाके नेहमीच वेडेवाकडे असतात आणि मोजमाप मधल्या १० सेंटिमीटरचे घ्यायचे असते. ज्या पद्धतीने ती वस्तू पुढे धुतली जाणार आहे, त्याच पद्धतीने तुकडा धुवून, सपाट वाळवून मगच मोजावा. टाके जास्त भरले तर पुढची जाड सुई घ्यावी, कमी भरले तर बारीक. हात मुद्दाम घट्ट किंवा सैल करण्याचा प्रयत्न करू नये. चार ओळींनंतर हात आपल्या वळणावर जातोच.

नमुन्यात सांगितलेली लोकर आपल्याकडे मिळत नाही. बदली लोकर कशी निवडावी?

लोकरीचे नाव विसरावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात: जाडी, लांबी आणि धागा कशाचा आहे.

जाडीसाठी नमुन्यातला टाक्यांचा हिशेब उपयोगी पडतो. १० सेंटिमीटरमध्ये २७ ते ३२ टाके सांगितले असतील, तर बारीक, पायमोज्यांची किंवा बाळाची लोकर लागेल. २१ ते २४ टाके असतील तर मध्यम, जिला परदेशी नमुन्यांत ‘डीके’ किंवा ‘८ प्लाय’ म्हणतात. १६ ते २० असतील तर त्याहून जाड. ‘प्लाय’ या शब्दावर मात्र फार विसंबू नये. त्याचा मूळ अर्थ धाग्यात किती पदर पिळले आहेत एवढाच आहे, आणि चार बारीक पदरांचा धागा दोन जाड पदरांच्या धाग्यापेक्षा बारीक असू शकतो.

लांबी मीटरमध्ये मोजावी, वजनात नव्हे. नमुन्यात प्रत्येकी ५० ग्रॅम आणि ११० मीटरचे दोन गुंडे सांगितले असतील, तर आपल्याला २२० मीटर हवे आहेत. सुती धागा त्याच जाडीच्या अॅक्रिलिकपेक्षा जड असल्यामुळे १०० ग्रॅम सुती धाग्यात तेवढे मीटर मिळत नाहीत, आणि शेवटची दहा सेंटिमीटर उरलेली असताना गुंडा संपतो. तेव्हा पुन्हा दुकानात जाऊन तोच रंग आणला, तरी तो तोच नसतो. लेबलावर रंगाच्या क्रमांकाखेरीज ‘लॉट’चा क्रमांक छापलेला असतो, एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा तो क्रमांक. दोन लॉटमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, अंगणातल्या उन्हात लगेच कळतो. एक गुंडा जास्तच घ्यावा. उरलेल्या लोकरीचे गोंडे होतात.

लोकर टोचते अशी तक्रार येते. ती कशामुळे?

पुष्कळ जण याला अॅलर्जी म्हणतात, पण बहुतेक वेळा कारण साधे असते. लोकरीच्या तंतूचे जे टोक बाहेर डोकावते, ते सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असेल तर त्वचेला टेकल्यावर वाकत नाही, रुतते. मेरिनो मेंढीचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतो, म्हणून तो मऊ लागतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. तिची घोंगडी पाऊस आणि थंडी दोन्ही झेलते आणि वर्षानुवर्षे टिकते, पण तिच्यापासून गळ्याला गुंडाळायचा मफलर करण्याचा हट्ट धरू नये. भेट देण्यापूर्वी विणलेला तुकडा हाताला नव्हे, मानेला किंवा हनुवटीखाली पाच मिनिटे लावून पाहावा. हाताच्या तळव्याची त्वचा या कामात काहीच सांगत नाही.

भेट गुपित ठेवायची आहे, त्यामुळे डोक्याचे माप घेता येत नाही. काय करावे?

मोठ्या स्त्रीच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५६ सेंटिमीटर आणि पुरुषाचा ५७ ते ५८ असतो. जन्मतः बाळाचे डोके सुमारे ३४ ते ३५ सेंटिमीटर असते, तीन महिन्यांनी ४०, सहा महिन्यांनी ४३ आणि पहिल्या वाढदिवसाला ४६ च्या आसपास. विणलेले कापड ताणले जात असल्यामुळे टोपी डोक्याच्या घेरापेक्षा सुमारे १० टक्के लहान विणायची असते, तरच ती घट्ट बसते. शंका असेल तेव्हा बॉर्डर आणि टोपीचा सगळा भाग ‘२ सुलट, २ उलट’ अशाच विणीत करावा. ही वीण इतकी ताणली जाते की दोन-तीन सेंटिमीटरची चूक ती पोटात घालते. पायमोजे आणि हातमोजे अंदाजाने विणू नयेत. त्यांचे माप हवेच, आणि ते मिळत नसेल तर भेट बदलावी.

एखादा संपूर्ण नमुना मराठीत द्याल का?

दोन सुयांवरची ही साधी कानटोपी आहे. ५४ सेंटिमीटर घेराच्या डोक्यासाठी १०० ग्रॅम मध्यम लोकर पुरेशी होते. १० नंबरच्या (३.२५ मिलिमीटर) आणि ८ नंबरच्या (४ मिलिमीटर) सुया लागतात. ८ नंबरच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी यायला हव्यात.

१० नंबरच्या सुईवर १०६ टाके सैल हाताने घालावेत. पहिली ओळ: २ सुलट, २ उलट असे विणत जाऊन शेवटी २ सुलट. दुसरी ओळ: २ उलट, २ सुलट असे विणत जाऊन शेवटी २ उलट. या दोन ओळी आलटून पालटून ५ सेंटिमीटर बॉर्डर होईपर्यंत विणाव्यात. नंतर ८ नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीत, सुरुवातीपासून एकूण १४ सेंटिमीटर होईपर्यंत जावे आणि उलट ओळीवर थांबावे.

आता माथा. १ सुलट, मग (११ सुलट, २ टाके एकत्र) असे ८ वेळा, शेवटी १ सुलट; सुईवर ९८ टाके राहतील. पुढची ओळ पूर्ण उलट. त्यानंतरच्या सुलट ओळीत कंसातल्या ११ ऐवजी १० सुलट विणावेत, त्यापुढच्या सुलट ओळीत ९, असे एकेक कमी करत कंसात १ सुलट उरेपर्यंत जावे. प्रत्येक वेळी ८ टाके कमी होतात आणि अखेर १८ उरतात. एक ओळ उलट विणून पुढच्या ओळीत सर्व टाके दोन-दोन एकत्र करावेत. उरलेल्या ९ टाक्यांतून, ४० सेंटिमीटर धागा ठेवून कापलेले टोक मोठ्या सुईने ओढून घ्यावे, आवळून पक्के करावे आणि त्याच धाग्याने वरून खाली शिवण घालावी. कडेचे दोन टाके या शिवणीत जातात, म्हणून हिशेब १०४ चा आणि सुईवर १०६.

तीन महिन्यांच्या बाळासाठी याच हिशेबाने ८२ टाके घालावेत, बॉर्डर ३ सेंटिमीटर करावी, ९ सेंटिमीटरपासून माथा सुरू करावा आणि कंसात ११ ऐवजी ८ सुलटने सुरुवात करावी. बाकी सगळे तसेच.

बारशासाठी टोपी आणि पायमोजे विणते आहे. काय सांभाळावे?

सर्वांत आधी माप. बारसे बाराव्या दिवशी असो की सव्वा महिन्यानंतर, तोवर बाळाकडे नवजात मापाच्या पाच टोप्या जमलेल्या असतात आणि पुढच्या महिन्यात त्या सगळ्या लहान होतात. माझ्या भाच्याच्या बारशाला मी जन्माच्या मापाची टोपी विणली होती. ती फोटोपुरती डोक्यावर चढली आणि मग बाहुल्याच्या. तेव्हापासून मी तीन ते सहा महिन्यांचे माप धरते आणि बाळाचा जन्म कोणत्या महिन्यातला हे पाहते. मार्च महिन्यात जन्मलेल्या बाळाला तीन महिन्यांची लोकरीची टोपी जूनमध्ये होते, आणि जूनमध्ये ती कोणीच घालत नाही. त्याला नोव्हेंबरात कामी येईल असे आठ महिन्यांचे माप विणावे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि तिच्यात सौंदर्याला सवलत देऊ नये. बटणे, मणी आणि टिकल्या लावू नयेत; बाळ त्या तोडून तोंडात घालते. हनुवटीखाली बांधायचे लांब बंद टाळावेत. पायमोज्यांच्या आत धाग्यांची सैल टोके किंवा आडवे धागे राहता कामा नयेत, कारण असा धागा इवल्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा तुटू शकतो आणि बाळ का रडते हे कोणाला कळत नाही. मोठ्या जाळीची वीणही याच कारणाने बाळाच्या हातापायांजवळ नको. पायमोजे पूर्ण झाले की आतली बाजू बाहेर काढून स्वतःच्या बोटाने चाचपून पाहावी. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ही गोष्ट भेट देताना बाळाच्या आईला सांगायला संकोच करू नये, आजी रागावली तरी.

आम्ही मुंबईत, कोकणात, गोव्यात राहतो. इथे थंडीच नाही. मग विणून काय द्यावे?

ही खरी अडचण आहे, आणि परदेशी नमुन्यांचे संग्रह तिचा विचार करत नाहीत. निफाडला किंवा महाबळेश्वरला लोकरीचा मफलर पहाटे उपयोगी पडतो. दादरला तो कपाटात राहतो. म्हणून धागा बदलावा. सुती धाग्यात विणलेले पाउच, चष्म्याचे घर, केसांचा पट्टा, बाजाराची जाळीदार पिशवी, भांडी किंवा अंग पुसायचे चौकोन या वस्तू बाराही महिने वापरात राहतात. सुती धागा लोकरीसारखा ताणून पूर्ववत होत नाही, त्यामुळे बॉर्डर लवकर सैल पडते. एक नंबर बारीक सुई घेतली म्हणजे वीण घट्ट राहते. पिशवीच्या पट्ट्यासाठी तर घट्ट वीणच घ्यावी, नाहीतर दोन किलो कांद्यांनी पट्टा गुडघ्यापर्यंत येतो.

वातानुकूलित कार्यालयात दिवसभर बसणाऱ्या मुलीला खांद्यावर टाकायची पातळ शाल मुंबईतही लागते. रात्रीच्या वातानुकूलित बसने गावी जाणाऱ्या आईवडिलांना पायमोजे आवडतात. रुखवतात मांडण्यासाठी विणकाम करायचे असेल, तर तिथे उपयोगापेक्षा देखणेपणा पाहिला जातो आणि तोरण, रुमाल, ताटावरची झाकणे यांसाठी क्रोशाच अधिक शोभतो.

क्रोशाचे नमुनेही असेच वाचतात का?

तत्त्व तेच, पण एक खोच लक्षात ठेवावी. अमेरिकी नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’ हा ब्रिटिश नमुन्यात ‘डबल क्रोशे’ असतो आणि अमेरिकी ‘डबल’ हा ब्रिटिश ‘ट्रेबल’. ब्रिटिश पद्धतीत ‘सिंगल क्रोशे’ हे नाव सहसा वापरलेच जात नाही. ते दिसले की नमुना अमेरिकी समजावा.

मफलरच्या कडा आत गुंडाळल्या जातात. इस्त्री केली तर बसतील का?

नाही. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशा साध्या विणीत सर्व टाक्यांची तोंडे एकाच बाजूला असतात. वाकवलेला धागा सरळ होऊ पाहतो आणि कापडाच्या बाजूच्या कडा मागे, तर खालची-वरची कड पुढे वळते. हा विणीचा स्वभाव आहे, तुमच्या हाताचा दोष नव्हे, आणि लोकर अॅक्रिलिक असेल तर इस्त्रीने ती वितळून कायमची लुळी आणि चकचकीत होईल. उपाय विणण्याआधीच करायचा असतो. ज्या विणीत दोन्ही बाजूंना सुलट-उलट टाक्यांचा समतोल असतो, ती वळत नाही: सगळ्या ओळी सुलट, किंवा २ सुलट २ उलट, किंवा साबुदाण्यासारखी दाणेदार वीण. दाणेदार विणीसाठी विषम संख्येने टाके घालावेत आणि प्रत्येक ओळ १ सुलट, १ उलट अशी विणून १ सुलटने संपवावी.

मधेच टाका सुटला आणि चार ओळी खाली गेला. सगळे उसवावे लागेल का?

साध्या विणीत मुळीच नाही. सुटलेल्या टाक्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसते. सुलट बाजू समोर धरून क्रोशाची सुई सुटलेल्या टाक्यात घालावी, शिडीची सर्वांत खालची पायरी तिच्यावर घेऊन टाक्यातून ओढावी, आणि असे एकेक पायरी चढत वर येऊन टाका सुईवर ठेवावा. जाळीच्या विणीत मात्र हे साधत नाही. तिथे दर दहा-बारा ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सर्व टाक्यांतून ओवून ठेवावा. चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्तपणे उसवता येते.

मी डावखुरी आहे. नमुना उलटा वाचावा लागेल का?

दोन सुयांच्या विणकामात दोन्ही हात सारखेच राबतात, त्यामुळे बहुतेक डावखुऱ्या व्यक्ती नेहमीच्याच पद्धतीने शिकतात आणि त्यांना काहीच बदलावे लागत नाही. आरशातल्यासारखे विणायची सवय झालीच असेल, तर डावीकडे आणि उजवीकडे कलणारे टाके एकमेकांच्या जागी घ्यावेत.

भेट अमेरिकेतल्या मुलीला पाठवायची आहे. तिच्याकडे सगळे कपडे यंत्रात धुतले जातात.

मग शुद्ध लोकर पाठवू नये, किंवा ‘सुपरवॉश’ असे लेबल असलेली लोकरच घ्यावी. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि मोठ्या माणसाची टोपी बाळाच्या मापाची, जाड नमद्यासारखी होते. ती पूर्ववत होत नाही. सुपरवॉश लोकरीवर या खवल्यांसाठीच प्रक्रिया केलेली असते. अॅक्रिलिक यंत्रात चालते, पण ड्रायरमध्ये कमी उष्णतेवरच. भेटीसोबत लोकरीच्या गुंड्यावरचे लेबल आणि त्याच लोकरीचा दोन-तीन मीटर धागा पाठवावा. धुण्याची सूचनाही पोहोचते आणि पुढे दुरुस्तीची सोयही होते.

घरी धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा, पिळू नये, पंच्यात गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि सपाट वाळवावे. दोरीवर टाकलेला मफलर ओल्या वजनाने हातभर लांबतो.

पावसाळ्यात लोकरीच्या वस्तू कशा ठेवाव्यात?

धुवून, पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळून. कसर ज्या लोकरीला खाते, ती बहुधा न धुता ठेवलेली, घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेली असते. अॅक्रिलिक तिला खाता येत नाही. कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवण्याची पद्धत चांगली आहे, मात्र ती दरवर्षी बदलावीत आणि श्रावणातल्या एखाद्या उघडिपीला कपाटातले सगळे बाहेर काढून वारा द्यावा. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या कधीही ठेवू नयेत. त्यांतल्या नॅफ्थालीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपले बाळ त्यांपैकी आहे की नाही हे आधी ठाऊक नसते.

विकत घेतलेला नमुना मैत्रिणींच्या गटात पाठवला तर चालेल का? त्यावरून विणलेल्या वस्तू विकता येतील का?

नमुना पाठवणे योग्य नाही. विणण्याची क्रिया कोणाच्या मालकीची नसते, पण नमुन्याचा मजकूर, आलेख आणि छायाचित्रे यांना भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे, आणि लिखित साहित्याच्या बाबतीत ते लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकते. मैत्रिणीला नमुना हवा असेल, तर तो कुठे मिळतो ते सांगावे. २००७ मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरीसारख्या संकेतस्थळावर मोफत नमुनेही मुबलक आहेत.

वस्तू विकण्याबाबत नमुन्याच्या शेवटी बहुतेक वेळा अट लिहिलेली असते. काही जण नाव दिले तर विक्रीला परवानगी देतात, काही फक्त घरगुती वापरापुरती देतात. काहीच लिहिलेले नसेल तर एक पत्र टाकून विचारावे. किंमत ठरवताना लोकरीच्या दामदुपटीचा हिशेब प्रचलित आहे, पण तो विणणाऱ्याच्या नुकसानीचा आहे. वरचा १८ तासांचा मफलर १५० रुपयांच्या लोकरीत होत असेल आणि ३०० रुपयांना विकला, तर तासाला जेमतेम ८ रुपये मिळाले. विकायचेच असेल, तर चार तासांच्या टोप्या विणाव्यात.